डाव्या बाहीतले निरोप

मास्तरणीच्या धाकट्या दिरानं साठीला एक वर्ष उरलेलं असताना दुसरं लग्न केलं, त्या वर्षीची ही गोष्ट. साल वेगळं सांगायला नको. त्या घरात कुणाचा दात कधी पडला, गच्चीवरची टाकी कधी फुटली, हे सगळं दिराच्या लग्नाच्या अलीकडे की पलीकडे एवढ्यावरच ठरतं. डाव्या बाह्यांचा घोळ पलीकडचा. लग्नानंतर बरोबर तीन आठवड्यांनी झालेला.

घोळ केला मास्तरणीनं. तिला नाव होतं, पण ते फक्त कारखान्याच्या हजेरीवहीला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांची ती मास्तरीण, कारण गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात कापड कापायचं टेबल तिच्याकडे होतं. खालच्या मजल्यावर तीस शिवणयंत्रं चालायची आणि त्या तिसांना पुरेल एवढं वरच्या मजल्यावर ती एकटी कापायची. शिवणाऱ्याचं चुकलं तर उसवता येतं. इस्त्रीवाल्याचं चुकलं तर पाणी मारून पुन्हा फिरवता येतं. कापणाऱ्याला मागे फिरायला वाट नसते. बावीस वर्षं ती त्या टेबलाशी उभी होती, आणि बावीस वर्षांत तिच्या हातून वाया गेलेलं कापड एका पिशवीत मावलं असतं.

त्या दिवशी पहारेकऱ्यांचे एकशेवीस कोट कापायचे होते. कापड जाड, वरून गुळगुळीत, आतून केसाळ. असल्या कापडाचे थर टेबलावर पसरताना एक सुलटा, एक उलटा, असे घालायचे असतात. म्हणजे एकाच नमुन्यावर पातं फिरवलं तरी निम्म्या बाह्या डाव्या निघतात, निम्म्या उजव्या. ही पहिल्या दिवशी शिकवायची गोष्ट. मास्तरणीनं ऐंशी थर घातले ते सगळेच्या सगळे सुलटे. त्यावर बाहीचा पुठ्ठा ठेवून खडूनं तीनदा आखलं, विजेचं पातं चालवलं, गठ्ठे बांधले आणि खाली पाठवून दिले.

तासाभरानं बाह्या लावणारी बाई जिन्यानं वर आली. दोन्ही हातांत एकेक बाही.

"मास्तरीणबाई, हे पहारेकरी कुठले हो?"

"का गं?"

"नाही, दोन्ही हात डावेच आहेत सगळ्यांना, म्हणून विचारलं."

मास्तरणीनं एक गठ्ठा सोडला, मग दुसरा, मग तिसरा. दोनशे चाळीस बाह्या. उजवी एकही नाही. कापडाच्या गुंडाळीवर ती मटकन बसली, आणि बाहीवालीचं हसू जागच्या जागी विरलं.

कसं झालं, हे तिला लगेच कळलं. थोरले मालक गुडघे धरून घरी बसल्यापासून कारभार धाकटे मालक बघत होते. माणूस वाईट नव्हता, पण झोपत नव्हता. रात्री डोक्यात येईल ते फोनमध्ये बोलायचं आणि सगळ्यांना पाठवून द्यायचं, ही त्यांची रीत. समोरून 'पोहोचलं' असं येईपर्यंत तेच पुन्हा. आदल्या रात्री साडेदहापासून पहाटे पाचपर्यंत अकरा निरोप आले होते. बाराव्यानं मास्तरीण उठली. चूळ भरायच्या आधी तिनं बाराही ऐकले, कारण फोन उशीखालीच असायचा. पहिल्या निरोपात कोट होते, चौथ्यात शाळेचे सदरे, सातव्यात पुन्हा कोट, नवव्यात गुंड्यांचा रंग. टेबलाशी उभी राहिली तेव्हा तिचे हात कापडावर होते, पण कानात अजून धाकटे मालकच बोलत होते.

धाकटे मालक वर आले. ओरडले नाहीत. त्यांनी एक डावी बाही उचलली आणि टेबलाच्या वर, भिंतीतल्या खिळ्याला टांगली.

"राहू दे इथंच. येता-जाता दिसेल."

"राहू दे," मास्तरीण म्हणाली. "मलाही बघायचीच आहे."

घरी नणंद होती. नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दीड खोलीत ती आणि नवऱ्याची थोरली बहीण, अशा दोघीच राहत होत्या. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. इथं दोन कात्र्या राहत होत्या. कारण मास्तरणीच्या आधी ते टेबल नणंदेकडे होतं. थोरल्या मालकांच्या वेळी तिनं ते सव्वीस वर्षं सांभाळलं आणि मग भावजयीला शिकवून, स्वतःची मोठी कात्री तिच्या हातात देऊन ती घरी बसली. आता एकोणऐंशीची होती. कंबर वाकली होती, जीभ सरळ होती.

"सगळ्या डाव्या?" नणंदेनं विचारलं.

"सगळ्या."

"एक थर उलटा घालायचा असतो हे विसरलीस?"

"विसरले नाही, वन्सं. लक्षातच नव्हतं."

"मग सकाळी कुणाचं तोंड बघितलं होतंस?"

ही बोलायची पद्धत. काही बिनसलं की माणूस असंच विचारतो. पण मास्तरीण खरंच विचार करत बसली. त्या दिवशी सकाळी तिनं कुणाचंच तोंड बघितलं नव्हतं. नणंद समोरच्या खाटेवर होती, कदाचित काही बोललीही असेल. आठवेना.

"कुणाचंच नाही," ती म्हणाली.

"तेच म्हणते मी. दीड वर्ष झालं, तू उठतेस आणि त्या पोराचं बोलणं ऐकतेस. मी इथं भिंतीला टेकून बसलेली असते. मी मेले तरी तुला चहा झाल्यावर कळेल."

त्या रात्रीपासून फोन दूर ठेवायचा असं ठरलं. पण दूर म्हणजे किती, याचा अंदाज यायला चार दिवस गेले. कपाटात ठेवला, तर दार थरथरायला लागलं. स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यात घातला, तर डबा मांजरासारखा गुरगुरला आणि मास्तरीण उठून पिठात हात घालून आली. बंद केला, तर बंद आहे ना हे बघायला दोनदा उठली आणि दुसऱ्यांदा चालूच करून बसली. नणंद अंधारात म्हणाली, "दारुड्यानं बाटली उशाशी ठेवून दारू सोडल्यासारखं आहे हे."

पाचव्या दिवशी संध्याकाळी, कारखाना सुटताना, मास्तरणीनं कापायच्या टेबलाचा ड्रॉवर उघडला. आत खडू, टाचण्या, मोजपट्टी. त्यात तिनं फोन ठेवला, कुलूप लावलं, किल्ली पदराच्या टोकाला बांधली आणि हात हलवत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता ती आली, तर धाकटे मालक टेबलाशी उभे.

"नऊ निरोप टाकले. एकाला उत्तर नाही. फोन कुठं असतो तुमचा?"

मास्तरणीनं ड्रॉवर उघडून दाखवला. "इथं असतो. आठला मी येते, आठला ऐकते. संध्याकाळी मी जाते, तो राहतो."

"असं कसं चालेल? बाकी सगळे ऐकतात."

"बाकीच्यांचं बाकीच्यांना विचारा. तुम्हाला काही सांगायचं असेल तर कागदावर लिहा आणि इथं टाका." तिनं भिंतीवरची डावी बाही काढली, मनगटाकडचं तोंड तिथंच उभ्या उभ्या सुईदोऱ्यानं बंद केलं आणि बाही परत खिळ्याला लटकवली. आता तिची लांबट पिशवी झाली होती. "सकाळी आल्यावर पहिला हात यात घालीन."

अक्षरं ती चाळिशीत शिकली होती, मापांच्या चिठ्ठ्या दुसऱ्याकडून वाचून घ्यायची लाज वाटायला लागली तेव्हा. म्हणून कागदावरचं तिला पक्कं वाटायचं. कागद रात्रीतून शब्द फिरवत नाही.

"मी रात्री बाराला घरी असतो, मास्तरीणबाई. बाहीत कागद कसा टाकू?"

"सकाळी येऊन टाका. तोवर तुमचंही डोकं जागेवर येईल."

खाली जिन्यात कुणीतरी खोकलं. तो इस्त्रीवाला होता आणि तो खोकला नव्हता.

धाकट्या मालकांनी मग सगळे टाकतात तो पत्ता टाकला. "घरी म्हातारं माणूस आहे तुमच्या. रात्री काही झालं म्हणजे?"

"म्हातारं माणूस माझ्याच घरी आहे. चार हातांवर झोपतं. काही झालं तर मला हाक मारेल. तुम्हाला निरोप टाकणार नाही."

"आणि कापणी चुकली तर?"

"फोन उशाशी होता तेव्हा चुकली. आता तीन महिने बघा. तीन महिन्यांत माझ्या हातून एक तुकडा जरी वाया गेला, तर मी होऊन टेबल सोडते. पण या तीन महिन्यांत फोनचं नाव काढायचं नाही."

आठ दिवसांची मुदत मागितली असती तरी मिळाली असती. तीन महिने तिनं स्वतःच्या तोंडानं मागितले. बाहीवाली नंतर म्हणाली, "बाई, गळ्यात फास घालून घेतलात, वर गाठही तुम्हीच मारलीत." मास्तरीण म्हणाली, "गाठ माझी आहे, मला सोडवता येईल."

मग दोघींच्या नव्या सकाळी सुरू झाल्या. पहिले काही दिवस हात उशीखाली जायचाच, दात पडल्यावर जीभ जाते तसा. उठवायला फोनचा गजर नव्हता. नणंद म्हणाली, "मी आहे," आणि सहा वाजता खाटेच्या लोखंडी पायावर काठी आपटायला लागली. खालच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली, तेव्हा काठीला सदऱ्याच्या कापडाचा तुकडा बांधला.

चहा होईपर्यंत दोघी खिडकीशी बसायच्या. समोर बसगाड्यांचा डेपो होता. एकेक गाडीचे दिवे लागायचे आणि नणंद कोणती गाडी आज आजारी आहे हे आवाजावरून सांगायची. रस्ता झाडणारी बाई कोपऱ्यावर थांबून अर्धी विडी ओढायची आणि उरलेली अर्धी कानामागे ठेवायची. मास्तरीण त्या घरात तीस वर्षं राहत होती आणि ती विडी तिनं पहिल्यांदा पाहिली.

चहा झाला की नणंद म्हणायची, "ठेव हात."

ही जुन्या कापणाऱ्यांची रीत. हात टेबलावर उपडा ठेवायचा, त्याच्या पाठीवर पाण्याची भरलेली वाटी. पाण्यावर वलय उठत असेल तोवर कात्रीला शिवायचं नाही. शिकाऊ असताना नणंद तिला रोज असं बसवायची. पुढे सगळं मागे पडलं. आता पुन्हा सुरू झालं. पहिल्या आठवड्यात वाटी सांडायचीच. दुसऱ्या आठवड्यात वलय उठायचं, सांडायचं नाही. महिन्यानं पाणी असं थांबायला लागलं की खिडकी त्यात उलटी दिसायची.

"आता जा," नणंद म्हणायची. "आता तुझ्या हातात कात्री द्यायला हरकत नाही."

त्रास झाला तो दिराकडून. नवं लग्न, नवा हुरूप. त्याला रात्री दहाला गप्पा सुचायच्या. एका रविवारी तो दारात येऊन उभा राहिला.

"वहिनी, आठ दिवस फोन करतोय. उद्या मी मेलो तरी तुम्हाला कळायचं नाही."

"कळेल की. सकाळी कळेल, भावोजी. रात्री कळून मी काय तुम्हाला उठवून बसवणार आहे?"

नणंद आतून म्हणाली, "आणि मरायची एवढी घाई होती तर लग्न कशाला केलंस?" दिराची नवी बायको तोंडाला रुमाल लावून हसली. त्या दिवसापासून ती नणंदेला आवडायला लागली.

दोन महिने झाले. तुकडा वाया गेला नाही. बाहीत कागदही फारसे पडले नाहीत, कारण धाकटे मालक अजून फोनमध्येच बोलत होते आणि मास्तरीण ते आठ वाजता ऐकत होती.

मग ती रात्र आली. मास्तरणीला त्या रात्रीचं काही माहीत नव्हतं. नेहमीसारखी आठला ती जिना चढून आली, तर वर माणसं आधीच जमलेली. बाहीवाली भिंतीला टेकून डुलक्या घेत होती. इस्त्रीवाला एका डोळ्यानं जागा होता. टेबलावर निळ्या कापडाचे थर अर्धे घालून अर्धे परत काढलेले, खाली पांढऱ्याचा ढीग.

"काय झालं?"

"सहापासून इथं आहोत," बाहीवाली म्हणाली. "बाराला निरोप आला, सदरे रद्द, कोट घ्या, सहाला या. एकला आला, कोट नको, पट्ट्यांचे सदरे. आम्ही सहाला येऊन पट्ट्यांचं घातलं, तर आणखी एक आला की पट्ट्या नको. काढलं. मग निळं घातलं, ते पुन्हा काढलं. आता काय घालायचं ते विचारायला जावं, तर ते फोनवर गिऱ्हाइकाशी भांडताहेत."

मास्तरणीनं पदराची गाठ सोडली, ड्रॉवर उघडला, फोन टेबलावर ठेवला आणि निरोप पहिल्यापासून लावले. सगळ्यांनी उभ्यानं ऐकले. सात होते. सातवा पावणेआठचा, डुलक्यांत कुणीच न ऐकलेला. त्यात धाकटे मालक थकल्या आवाजात म्हणत होते की गिऱ्हाईक म्हणतं, राहू दे, काल ठरलं तेच पांढरे सदरे करा.

मास्तरणीनं पांढरं कापड उचललं.

"म्हणजे," इस्त्रीवाला म्हणाला, "तुम्ही रात्रभर झोपलात आणि आम्ही रात्रभर जागून तुम्ही होतात तिथंच आलो."

"सात निरोप ऐकायला एक चहा लागला," मास्तरीण म्हणाली. "तुम्हाला अख्खी रात्र लागली. धरा ते टोक."

त्या संध्याकाळी बाहीवाली वर आली आणि काही न बोलता तिनं आपला फोन ड्रॉवरमध्ये, खडूशेजारी ठेवला. दुसऱ्या दिवशी काजं करणारा आला. आठवड्यात अकरा फोन झाले आणि टाचण्यांची डबी टेबलावर काढून ठेवावी लागली. इस्त्रीवाला मात्र आला नाही. त्याला फोनवर पत्ते खेळायचा नाद होता आणि तो तसं मोकळेपणानं सांगायचा.

शनिवारी, सुटायच्या वेळी, धाकटे मालक वर आले तेव्हा ड्रॉवर उघडा होता. त्यांनी आत बघितलं. अकरा फोन एकाशेजारी एक, पाळण्यात घातल्यासारखे.

"हे काय चाललंय?"

"झोपवतोय त्यांना," काजंवाला म्हणाला आणि मग आपण बोललो याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

"ज्याचा त्यानं फोन उचला," धाकटे मालक म्हणाले. "आणि मास्तरीणबाई, तुम्हीही. आजपासून फोन घरी जाईल."

"बोली तीन महिन्यांची होती. अडीच झाले. एक तुकडा चुकला असेल तर दाखवा."

"चुकण्याचा प्रश्न नाही."

"मग कशाचा आहे?"

धाकट्या मालकांना खोटं बोलता आलं असतं, बोलले नाहीत. "मी बोलतो आणि कुणी ऐकत नाही, याचा आहे. रात्री मी एकटा जागा असतो. सगळ्या कारखान्याचं ओझं डोक्यावर. कुणीतरी 'पोहोचलं' म्हणायला नको?"

"जागे राहता हे तुमचं दुखणं. त्यावर औषध घ्या. आम्हाला पाजू नका."

"फोन घरी न्यायचा नसेल तर सोमवारी येऊ नका."

आता बाकीच्या दहाही जणांनी एकेक करून आपले फोन उचलले. कुणी मास्तरणीच्या डोळ्याला डोळा दिला नाही आणि तिनंही मागितला नाही. पोटं सगळ्यांनाच असतात. मास्तरणीनं आपला फोन तिथंच राहू दिला. कुलूप लावलं. मोठी कात्री फडक्यात गुंडाळली.

"टेबल तुमचं, ड्रॉवर तुमचा," ती म्हणाली. "कात्री आमच्या वन्संची." आणि जिना उतरली. किल्ली पदरालाच राहिली, हे तिच्या घरी गेल्यावर लक्षात आलं.

रविवार गेला. सोमवारी तिला जागेवर बसवेना. बावीस वर्षांत कामाच्या दिवशी ती घरी नव्हती. तिनं घरातल्या सगळ्या चादरींच्या कडा सरळ कापल्या. नणंद बघत होती.

"पस्तावतेस?"

"नाही."

"खोटं बोलू नकोस."

"टेबलाची आठवण येते. फोनची नाही."

"मग चादरी सोड. उद्या पांघरायला काही उरायचं नाही."

बुधवारी सकाळी पावणेसातला दार वाजलं. दारात धाकटे मालक. तीन जिने चढून धापा टाकत होते. डोळे लाल, दाढी वाढलेली, सदऱ्याच्या गुंड्या एकेक घर चुकलेल्या.

"फोन करायचा होता," ते म्हणाले.

नणंद खाटेवरून म्हणाली, "आत ये. बस. चुलीवर चहा आहे." धाकट्या मालकांना एकेरी हाक मारणारी कारखान्याच्या आठवणीत ती एकटीच उरली होती. "माझ्या टेबलाखाली कापडाच्या गुंडाळ्यांवर झोपायचास तू. यंत्रं चालू, पाती चालू, तरी उठायचा नाहीस. ती झोप कुठं घालवलीस?"

धाकटे मालक बसले. नणंदेनं वाटी भरून पुढे सरकवली. "ठेव हात."

"काय?"

"उपडा. ठेव म्हटलं ना."

त्यांनी हात ठेवला. मास्तरणीनं त्यावर वाटी ठेवली. वाटी नुसती हलली नाही, नाचली. पाणी बाहीत गेलं. नणंदेनं ती पुन्हा भरायला लावली. एवढ्यात त्यांच्या खिशात फोन गुरगुरला आणि दुसरी वाटीही सांडली.

"आता पाणी थांबेपर्यंत बोलायचं नाही," नणंद म्हणाली.

तिसरी वाटी. डेपोतून चार गाड्या गेल्या. फोन पुन्हा गुरगुरला. त्यांचा दुसरा हात खिशाकडे गेला, नणंदेनं नुसतं बघितलं, हात परत आला. चहा उकळून गार व्हायला लागला तेव्हा कुठं पाण्यावरची वलयं जरा बारीक झाली. थांबली नाहीत.

"एवढं पुरे आज," नणंद म्हणाली. "बोल आता."

"दुसरा मास्तर आणला होता," धाकटे मालक वाटीकडे बघतच म्हणाले. "चांगला आहे. दोन दिवस कापलं त्यानं. काल संध्याकाळी म्हणाला, रात्री फोन येणार असतील तर मी येत नाही." मास्तरीण हसली नाही, पण हसू आवरणं तिला जड गेलं. "आणि काल मला काम आवरायला उशीर झाला. काही आठवलं, सवयीनं तुम्हाला निरोप टाकला. वर ड्रॉवर वाजला. सबंध मजल्यावर कुणी नाही आणि ड्रॉवर वाजतोय. मग बॅटरी संपली असावी. गप्प झाला." मग ते मास्तरणीकडे वळले. "परत या. फोनचं काय ते बघू."

"बघू नाही," मास्तरीण म्हणाली. "लिहा."

तिनं चादरींच्या कापलेल्या कडा बाजूला सारल्या, कागद आणि पेन्सिल पुढे ठेवली. धाकट्या मालकांनी लिहिलं: संध्याकाळी कारखाना सुटल्यापासून सकाळी आठपर्यंत कामाचा निरोप कुणालाही जाणार नाही. जे सांगायचं ते कागदावर लिहून बाहीत. मग ते अडले.

"तातडीचं असेल तर? तेवढी सोय हवी."

"तातडीचं म्हणजे काय ते आधी लिहा."

त्यांनी बराच विचार केला. "आग," ते म्हणाले.

"आग लागली तर बंबवाल्यांना बोलवा. मी काय कात्रीनं विझवणार आहे? आणि कुणाला म्हणजे सगळ्यांना, फक्त मला नाही. बाहीवालीचं नाव लिहा, काजंवाल्याचं लिहा, नव्या मास्तरचं लिहा, तो राहणार असेल तर. एकटीची सवलत मला नको. एकटीची सवलत एका दिवसात काढून घेता येते."

हे त्यांना रुचलं नाही. पेन्सिल खाली ठेवली, पुन्हा उचलली. शेवटी लिहिलं. नणंदेला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं ते त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं, आणि मग म्हणाली, "पुन्हा वाच. पहिल्यांदा घाईत वाचलंस." दुसऱ्यांदा त्यांनी सावकाश वाचलं. मग तिनं कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि भावजयीला दिला. "जा. आठ वाजायला आलेत."

कागद टेबलावरच्या भिंतीवर लागला, बाहीच्या शेजारी. सगळं काही सुतासारखं सरळ झालं असं नाही. पहिल्या महिन्यात धाकटे मालक दोनदा चुकले आणि दोन्ही वेळा मास्तरणीनं कागदावर बोट ठेवलं. इस्त्रीवाला फोन घरी नेत राहिला आणि पत्त्यांत हरत राहिला. पण बाहीत कागद पडायला लागले. धाकटे मालक सकाळी येऊन, जिन्यात उभे राहून लिहायचे. रात्री सुचलेल्या दहा गोष्टींतल्या सकाळपर्यंत दोन-तीनच उरायच्या. पहारेकऱ्यांच्या उजव्या बाह्या तेव्हाच दुसऱ्या ताग्यातून कापून कोट वेळेत गेले होते. जास्तीच्या एकशेवीस डाव्यांपैकी एकशे एकोणीस नणंदेनं घरी मागवून त्यांच्या पिशव्या शिवल्या आणि दिराच्या बायकोनं त्या शेजारीपाजारी वाटल्या. एकशेविसावी अजून खिळ्याला आहे.

सकाळी तशाच राहिल्या. सहाला काठी, खिडकी, डेपो, चहा, वाटी. शेवटी शेवटी नणंदेला वाटी उचलवत नव्हती. मास्तरीण स्वतःच भरायची आणि स्वतःच्या हातावर ठेवायची. नणंद नुसती बघायची आणि मान हलवायची.

दिराच्या लग्नाला पावणेदोन वर्षं झाली, त्या नोव्हेंबरातल्या अठरा तारखेला सकाळी काठी वाजली नाही. मास्तरीण आपोआप उठली, नणंदेच्या खाटेवर जाऊन बसली, तिचा हात हातात घेतला. नणंद जागी होती. "आज सात नंबरची गाडी आजारी आहे," एवढं ती बोलली. फोन कारखान्यात, ड्रॉवरमध्ये होता. दिराला शेजारणीच्या फोनवरून कळवलं आणि तो अर्ध्या तासात आला. रात्री का नाही कळवलं, असं त्यानं विचारलं नाही, कारण रात्री कळवण्यासारखं काही घडलंच नव्हतं. नणंद वारली ती त्याच दिवशी, मंगळवारी, सकाळी साडेसहा वाजता. एक्क्याऐंशी वर्षांची होती.